विमलताईंचा कुडा

आमच्या गावात कुणाला काही कळत नाही, असं अजिबात नाही. कळतं सगळ्यांना सगळं. फक्त ज्याचं दुखतं त्याला विचारावं, एवढं कुणाला सुचत नाही. विमलताईंच्या बाबतीत तेच झालं. आमचं गाव महागाव तालुक्यातलं. त्या माझ्या शेजारच्या, आणि दोन्ही घरांच्या परसात मिळून कमरेएवढी एकच भिंत. उसनं मीठ, विरजणाची वाटी, लेकीसुनांची गाऱ्हाणी, सगळं त्या भिंतीवरून इकडचं तिकडे गेलं. तेव्हा त्यांच्याबद्दल लिहायचा हक्क मला आहे, असं मी धरून चालते.

त्या लग्न होऊन आल्या त्या उमरखेडकडच्या बंदी भागातून. जंगलानं वेढलेल्या तिकडच्या गावांना आमच्याकडे बंदी भाग म्हणतात. आमचं गाव काळ्या मातीचं. नजर जाईल तिथवर कापसाची पऱ्हाटी, सोयाबीन आणि तुरी. झाड म्हणाल तर बांधावरची बाभूळ नाहीतर दारातला कडूलिंब. सासरच्यांनी पहिल्या दिवसापासून त्यांना 'जंगलातली' म्हणायला सुरुवात केली. भाकरी जाड झाली तरी जंगलातली, भाजीत तिखट कमी पडलं तरी जंगलातली. विमलताई हसून सोडून द्यायच्या. मला मात्र राग यायचा. त्यांना येत नव्हता, की त्या दाखवत नव्हत्या, हे मला कधीच कळलं नाही.

एक गोष्ट मात्र त्यांना सोडता आली नाही. कुडा. आमच्याकडे किती जणांना तो माहीत असेल, देव जाणे. सागाच्या जंगलात मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारं हे लहानसं झाड. घराच्या वळचणीएवढं उंच झालं तरी पुष्कळ. उन्हाळ्यात सागाला पान नसतं तेव्हा ह्याला कोवळी पालवी येते आणि पांढऱ्या फुलांचे घोस लागतात. वास जाईसारखा, पण जरा कडवट. फुलं उकडून, पाणी पिळून, कांदा आणि बेसन लावून त्यांची भाजी करतात. विमलताईंची आई ती भाजी करायची. पहिल्या उन्हाळ्यात त्यांना त्या भाजीची आठवण झाली आणि त्या मला म्हणाल्या, "इथं सारं हाय वं, पन कुडा नाई."

पुढच्या वेळी माहेराहून येताना त्यांनी एक रोप आणलं, एसटीत मांडीवर घेऊन. अंगणात मधोमध लावलं. सासूबाईंनी पानाचा देठ मोडून पाहिला, पांढरा चीक बोटाला लागला, आणि त्यांनी डोक्यावर पदर घेतला.

"चिकाचं झाड दारात लावतेत का वं? घराचे डोये गयतेत त्यानं, रडनं येते घरात!"

रोप उपटायची वेळच आली नाही. ते आपणहून मेलं. दुसरं आणलं, तेही मेलं. गावानं विमलताईंची थट्टा केली, कारण आमच्या काळ्या मातीत काठी खोवली तरी तिला पालवी फुटते असा आम्हाला गर्व. पण काळी माती पाणी धरून ठेवते आणि कुड्याची मुळं त्यात कुजतात. शिवाय भर अंगणात दिवसभर ऊन. ज्याला सागाच्या सावलीची सवय, ते बिचारं तिथं काय जगणार? हे मला आज कळतं, तेव्हा त्यांनाही कळत नव्हतं. माहेरी गेल्या तेव्हा त्या एक दुपारभर जंगलात कुड्यापाशी नुसत्या बसून आल्या. ऊन कुठून येतं, सावली कुठं पडते, पायाखाली काय लागतं, ते बघत.

मग त्यांनी परसातली, मोरीच्या पलीकडची, लिंबाच्या सावलीतली जागा धरली. तिथं सकाळचं कोवळं ऊन येतं आणि नंतर सावली. वामनरावांना, म्हणजे त्यांच्या नवऱ्याला, लाडीगोडी लावून मुरूम आणवला आणि उंचवटा केला. या खेपेला रोप नाही, बी आणलं. कुड्याच्या शेंगा लांब, बारीक, जोडीजोडीनं लोंबतात, आणि वाळून फुटल्या की आतलं बी म्हातारीसारखं उडून जातं. म्हणून त्यांनी माहेरच्या झाडावरच शेंगांना चिंधी बांधून ठेवली होती. पावसाळ्याच्या तोंडाशी ते बी उंचवट्यावर पेरलं. जी रोपं आली त्यातलं एक ठेवलं, बाकीची काढली. काढताना डोळ्यांत पाणी. मी म्हटलं, "अहो, जुळी-तिळी झाली असती तर काय केलं असतं?" तर म्हणाल्या, "तसं बोलू नये."

त्या झाडाला गुरं तोंड लावायची नाहीत. कडू. खत नको, फवारा नको. फक्त पहिले दोन उन्हाळे पाणी, तेही बुंध्यात नाही, जरा लांबून, गोल आळं करून. काही वर्षं ते नुसतंच उभं होतं. घरात कपिल झाला, निकिता झाली, सासूबाई गेल्या. मग एका उन्हाळ्यात सकाळी विमलताई भिंतीपाशी आल्या आणि माझ्या नाकाशी एक पांढरा घोस धरला. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. पोर झाल्यावरसुद्धा त्या इतक्या खूश दिसल्या नव्हत्या.

वामनराव त्या भाजीला 'सासुरवाडीचा पाला' म्हणायचे. म्हणत म्हणत तिसऱ्यांदा वाढून घ्यायचे. माणूस चांगला होता, फक्त कौतुक तोंडातून निघायचं नाही. गेले तेव्हा कुडा फुलात होता. विमलताईंनी त्यांच्या पायाशी घोस ठेवला, आणि 'जंगलातली' म्हणणाऱ्या बायका त्या दिवशी गप्प बसल्या.

माहेरचं मात्र हळूहळू सगळं संपलं. आईवडील गेले. भाऊ कामासाठी हैदराबादकडे गेले ते तिकडचेच झाले, घर विकलं. आता तिकडे जाऊन उतरायचं कुणाकडे? आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आम्ही नवी घागर पूजतो, गेलेल्यांना जेवू घालतो. विमलताई त्या घागरीवर कुड्याची फुलं ठेवायच्या, आईबापाच्या नावानं. कुणी विचारलंच, 'यंदा माहेरी नाई गेल्या काय?' तर परसाकडे बोट दाखवून म्हणायच्या, "माहेर मीच आनून लावलं हाय."

सून आली ती वणीची. प्रेरणा तिचं नाव. कोळशाचे ट्रक, रस्त्याची धूळ आणि भाड्याच्या दोन खोल्या, ह्यात वाढलेली मुलगी. तिला झाडाचं काय कौतुक असणार? पहिल्या वर्षी तिनं कुड्याची भाजी न उकडता फोडणीला टाकली आणि सगळं घर पाणी पीत बसलं. विमलताई एवढ्या हसल्या की त्यांना ठसका लागला. तेव्हापासून दोघींचं जमलं. सासूसुनेचं जमतं हे गावाला पटत नाही, म्हणून गाव भांडणाची वाट बघत राहिलं.

ती वाट यंदा संपली.

माघात विमलताईंना लकवा मारला. उजवं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली. यवतमाळच्या दवाखान्यात त्या बरेच दिवस होत्या. त्यानंतरच्या घडामोडी सुरू झाल्या तेव्हा मी गावात नव्हते, लेकीच्या बाळंतपणासाठी पुसदला गेले होते. त्यामुळे पुढचं बरंचसं मला नंतर प्रेरणानं भिंतीवरून सांगितलं. मी असते तर वेगळं काही केलं असतं असा माझा दावा नाही.

आई घरी येणार म्हणून कपिलनं धावपळ केली. हा त्यांचा मुलगा. शेती बघतो, स्वभावानं सरळ. डॉक्टरांनी सांगितलं होतं, यांना खाली बसता येणार नाही, खुर्चीचा संडास पाहिजे, धरायला दांडे पाहिजेत, आणि खोलीला लागून पाहिजे. आईच्या खोलीचं मागचं दार परसात उघडतं. तिथं मोरी आणि मोरीच्या पलीकडे कुडा. दुसरीकडे जागाच नव्हती. मिस्त्री म्हणाला, मुळ्या राहिल्या तर फरशी उचलेल. कपिलनं झाड तोडलं, बुंधा खणून काढला आणि त्यावर न्हाणी बांधली. छान बांधली. पांढरी फरशी, खुर्चीचा संडास, बेसिन, आरसा, भिंतीला दांडे. त्या दोन दिवसांत तो जेवला नाही, असं प्रेरणा सांगते. मग त्यानं घरातल्या सगळ्यांना बजावलं, "आईले कोनी सांगू नका. डॉक्टरनं म्हटलं हाय, मनाले धक्का बसू देऊ नका म्हनून. बरी झाली का मी सांगतो."

यात वाईट कुणाचं काय होतं, सांगा. पण एक गोष्ट सगळे विसरले. बोलता येत नाही म्हणजे कळत नाही, असं नसतं.

विमलताईंना चाकाच्या खुर्चीतून घरी आणलं. त्यांना थोडे शब्द यायचे, पण शब्दाचं शेपूट गळून पडायचं. कपिलचं 'कपि' व्हायचं, भाकरीचं 'भाक'. पहिल्याच दिवशी प्रेरणा त्यांना नव्या न्हाणीत घेऊन गेली आणि त्या रडायला लागल्या. अंघोळीला न्यायचं म्हटलं की दाराची चौकट धरून ठेवायच्या. घरच्यांना वाटलं, पाण्याला भितात. आखाजी जवळ आली तशी एकच गोष्ट सुरू झाली. डावा हात हलवत त्या म्हणायच्या, "कुड्या... कुड्या..."

आता कुड्या म्हटलं की आपल्या मराठी माणसाला काय आठवणार? कानातल्या. विमलताईंच्या कानात मोत्याच्या कुड्या होत्या, सासूबाईंनी जाताना दिलेल्या. दवाखान्यात तपासणीच्या वेळी अंगावरचे दागिने काढायला लावले, तेव्हा प्रेरणानं त्या काढून ठेवल्या होत्या. त्यातला एक मोती सैल होऊन निसटला, म्हणून तिनं महागावच्या सोनाराकडून तो बसवून घेतला आणि दोन्ही धुऊन आणल्या. सासू मागते आहे म्हटल्यावर तिनं लगेच डबीतून काढून कानात घातल्या. विमलताईंनी डाव्या हातानं एक ओढून काढली आणि फेकली. कानाची पाळी लाल झाली. आणि पुन्हा रडत, "कुड्या..."

नेमकी त्याच वेळी निकिता आखाजीसाठी आली. ही त्यांची लेक, यवतमाळला दिलेली. आईवर जीव, पण जीभ तिखट. आई रडते आहे, कुड्या मागते आहे, आणि समोरच्या कुड्या फेकते आहे, हे तिनं पाहिलं. खाली पडलेली कुडी उचलून तिनं उजेडात धरली.

"ह्या आईच्या नाईत. आईच्या कुड्याचे मोती पिवये पडेल होते. हे तं नवेकोरे हायेत."

"धून आनल्या ना म्या," प्रेरणा म्हणाली. "एक मोती पडलता, तो बसवला."

"कोन सोनार? कायले नेल्या? कोनाले इचारून?"

प्रेरणानं सगळं सांगितलं. पण एकदा संशय आला की खरं बोलणंही बनवलेलं वाटतं. निकिताचं म्हणणं सोपं होतं. आईला बोलता येत नाही, पण स्वतःचा दागिना ओळखता येतो. ती फेकते, म्हणजे ह्या तिच्या नाहीत. मग तिच्या गेल्या कुठं? कपिल म्हणाला, "जाऊ दे ना, कायले वाढवतं?" प्रेरणा म्हणते, निकिताच्या बोलण्यापेक्षा तिला तेच जास्त लागलं. तिची बाजूही त्यानं घेतली नाही आणि आरोपही केला नाही. मधल्यामध्ये तिला टांगून ठेवलं.

गावाला तर पाहिजेच होतं. पीठगिरणीवर, हापशीवर, सगळीकडे हेच. 'खाली मुंडी, पाताळ धुंडी' असं प्रेरणाबद्दल बोलून झालं. ध चा मा होतो हे आपण सगळे हसत सांगतो, पण असं एक अक्षर एखाद्या बाईच्या संसारावर येऊन बसलं की हसू येत नाही.

मग निकितानं ठरवलं. "आईले मी घेऊन जातो यवतमाळले. इथं ठेवली तं अंगावरचं सारं जाईन. त्या कुड्या बी मी तिथल्या सोनाराले दाखवतो."

कुड्या तिनं आपल्या पिशवीत ठेवल्या. दोन दिवसांनी गाडी सांगितली. वर तिसऱ्या मजल्यावरचं तिचं घर, लिफ्ट नाही. विमलताई एकदा तिथं चढल्या की पुन्हा उतरणार नाहीत, हे सगळ्यांना दिसत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. प्रेरणाचं तर दोन्ही बाजूंनी गेलं. सासू जाणार, आणि गावात कायमचं नाव होणार की हिच्या हातून सासूची सुटका लेकीनं केली.

मी पुसदहून आले ती ह्या सगळ्यात. भिंतीपाशी गेले तर कुडा नाही. तिथं पांढरी भिंत. प्रेरणा बाहेर आली, माझ्याकडे बघितलं, आणि जे सांगायला सुरुवात केली ते संध्याकाळ होईपर्यंत सांगत होती. शेवटी म्हणाली, "काकू, काल एक झालं. आईले निकिताताईनंच न्हाऊ घातलं. त्या म्हनल्या, आरशात आपले सुने कान पाहून रडते आई, म्हनून त्याइनं आरशावर टावेल टाकला."

"मग?"

"तरी रडल्या. म्या आत गेली धराले. काकू, त्या आरशाकडे पाहूनच नोत्या राह्यल्या. खाली फरशीकडे पाहून राह्यल्या होत्या. कोपऱ्याकडे. अन् म्हनल्या, कुड्या." तिनं पांढऱ्या भिंतीकडे बोट केलं आणि म्हणाली, "कुड्याले, म्हनायचं असंन त्याइले. कुड्याचं काय केलं, असं. पुढचं तोंडातून निघत नाई ना."

किती उघड होतं ते. आणि घरात एवढी माणसं.

"मग सांगितलंस निकिताला?"

"नाई."

"का गं? तुझं नाव साफ होईल."

तिचं भांडण आधीच मनात होऊन गेलं होतं, हे तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं. "निकिताताईले सांगतलं तं त्या आईले इचारतीन, कुडा का म्हनून. मंग आईले पक्कं कयन, कुडा गेला. डॉक्टरनं धक्का बसू देऊ नका म्हटलं. उद्या काही झालं तं? सोताचं नाव धुवासाठी म्हातारीचा जीव घेतला, असं होईन. तसं झालं तं मले मी तोंड दाखवू शकन काय?"

मला त्या क्षणी तिचा अभिमान वाटला, आणि रागही आला. राग तिचा नाही, आपल्या रीतीचा. आपल्याकडे आजारी माणसापासून सगळं लपवतात. भाऊ मेला तरी लपवतात, घर विकलं तरी लपवतात, आणि त्याला माया म्हणतात. ज्याचं गेलं त्यालाच रडू द्यायचं नाही, ही कसली माया? मी तसं बोलले. जरा मोठ्यानंच बोलले. पण सांग असं म्हणाले नाही. सांगून काही बरंवाईट झालं असतं तर भोगायचं तिला होतं, मला नाही.

गाडीचा दिवस उजाडला. विमलताईंनी आदल्या दिवशीपासून काही खाल्लं नव्हतं. तोंडाशी घास नेला की ओठ मिटून घ्यायच्या. कपिल रस्त्यावर गाडी बघायला गेला. निकिता पिशव्या भरत होती. प्रेरणानं मला भिंतीवरून हाक मारली, "काकू, आत या. मी आईले सांगून राह्यली. काही झालं तं तुमी जवय असा."

मी मागच्या दारानं गेले. न्हाणीत विमलताई खुर्चीवर बसल्या होत्या, अंगावर लुगडं गुंडाळलेलं, मान खाली. बादलीत कोमट पाणी. निकिता टॉवेल घेऊन दारात आली आणि मला बघून थबकली. प्रेरणा विमलताईंसमोर उकिडवी बसली. त्यांचा डावा हात तिनं आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"आई, तुमी कुड्याचं इचारून राह्यल्या ना? झाडाचं?"

विमलताईंनी मान वर केली. निकिताच्या हातातला टॉवेल तसाच राहिला.

"आई, कुडा नाई राह्यला. तुमी दवाखान्यात होत्या तवा तोडला. ह्या न्हानीसाठी. जागा नोती दुसरी. तुमच्यासाठीच तोडला, पन तुमाले सांगतलं नाई. चूक झाली आमची, आई."

न्हाणीत नळाचं पाणी थेंब थेंब गळत होतं. विमलताई तिच्याकडे बघत होत्या. मी त्यांच्या छातीकडे बघत होते, श्वास नीट चालतो का म्हणून. त्या रडल्या नाहीत. इतके दिवस ज्या खोलीत पाय टाकला की रडायच्या, तिथं त्या दिवशी रडल्या नाहीत. खांदे मात्र सैल झाले, डोक्यावरचा भारा कुणी उतरवून घ्यावा तसे. मग त्यांनी डावा हात सोडवून घेतला, बादलीतल्या मगाकडे बोट केलं आणि मग स्वतःच्या डोक्याकडे.

"आई, केस नको भिजवू," निकिता पटकन म्हणाली. "प्रवास हाय, सर्दी होईन."

विमलताईंनी पुन्हा तेच केलं. बोट आधी मगाकडे, नंतर डोक्याकडे. आणि जीव एकवटून म्हणाल्या, "माहे..."

आमच्या बोलीत माहे म्हणजे माझे. पण त्यांना पुढचं अक्षर म्हणायचं होतं, ते मला दिसलं. माहेर. गावात कुणालाही सांगावं लागत नाही: माहेरचं माणूस गेल्याची बातमी आली की सासुरवाशीण असेल तिथं उठते आणि डोक्यावरून पाणी घेते. आई गेली तेव्हा विमलताईंनी घेतलं, बाप गेला तेव्हा घेतलं. दोन्ही वेळा मी पाणी काढून दिलं होतं.

"टाक," मी प्रेरणाला म्हणाले. "त्यांना सुतकाचं पाणी पाहिजे."

प्रेरणानं मग भरला आणि हळूच त्यांच्या डोक्यावर ओतला. विमलताईंनी डोळे मिटले. पांढरे केस कपाळावर चिकटले, पाणी लुगड्यावरून खाली आलं आणि त्या कोपऱ्यातल्या फरशीवर पसरलं. दुसरा मग. तिसरा. तेव्हा त्या रडल्या, पण आधीसारखं नाही. माणूस मेल्यावर माणूस रडतं तसं, मोकळं.

मग त्यांनी प्रेरणाकडे बोट केलं. तू पण. प्रेरणा तशीच बसलेली होती. तिनं मग उलटा करून आपल्या डोक्यावर घेतला. तिचं रडणं पाण्यात कळलं नाही, पण मला कळलं.

निकिता दारातून आत आली. टॉवेल तिनं दांड्यावर ठेवला. चेहरा पांढराफटक पडला होता. "वयनी," ती म्हणाली, "मले द्या." मग हातात घेऊन तिनं स्वतःच्या डोक्यावर पाणी ओतलं, प्रवासाची चांगली साडी नेसलेली असताना. थोड्या वेळानं म्हणाली, "आईले मी नाई नेत. मी लेक असून मले कुड्याच ऐकू आल्या, वयनी." प्रेरणानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. पिशवीतल्या कुड्यांचं नाव कुणी काढलं नाही.

तेवढ्यात बाहेरून कपिल आला. गाडी आली म्हणून सांगायला तो सरळ मागच्या दारापर्यंत आला आणि तिथंच थांबला. आई भिजलेली, बायको भिजलेली, बहीण भिजलेली. डोक्यापासून पायापर्यंत. आमच्याकडे असं दिसलं की माणूस एकच गोष्ट विचारतो.

"कोन गेलं?"

प्रेरणानं माझ्याकडे पाहिलं, निकितानं खाली. विमलताईंनी लेकाकडे मान वळवली. ओठ दोनदा हलले.

"कुडा," त्या म्हणाल्या.

पूर्ण म्हणाल्या. काही गळलं नाही.

कपिल चौकटीला टेकला. मग त्यानं डोक्याचा दुपट्टा सोडून खुंटीला अडकवला, आत येऊन आईच्या पायाशी फरशीवर बसला आणि मान खाली घातली. विमलताईंनी मगाकडे हात केला. तो उचलायला त्यांना जमेना, म्हणून प्रेरणानं खालून धरला, आणि त्याच्या डोक्यावर पाणी आईनंच ओतलं.